आप्पांच्या अकरा कॅसेटी

"ताई, सहा वर्षांपूर्वी आम्ही काही वेड्या माणसांनी नाट्यसंगीताचा व्हॉट्सॲप समूह सुरू केला. आता साडेसातशे सभासद आहेत, सांगलीपासून सिडनीपर्यंत. मागच्या वर्षी मी 'कट्यार काळजात घुसली'च्या एका जुन्या प्रयोगातली वसंतराव देशपांड्यांची पदं कॅसेटवरून उतरवून समूहात टाकली. रात्री जागून केलं होतं ते काम. प्रत्येक पदाच्या सुरुवातीला माझ्या आवाजात माझं नाव होतं. आमच्याच एका सभासदाने ते नाव कापून सगळी पदं स्वतःच्या यूट्यूब चॅनेलवर चढवली. समूहात विचारलं तर दोन तट पडले. (मूळ कॅसेटी सांगलीच्या आप्पांच्या. तीन वर्षांपूर्वी त्यांनी कौतुकाने अकरा दिल्या, मी तीन उतरवल्या, बाकीच्या डब्यात घालून माळ्यावर ठेवल्यात. ते हल्ली समूहात फारसे नसतात.) मी समूह सोडू का? आणि त्या माणसाला धडा कसा शिकवू?
– पुण्याची एक रसिक"

तुझं अख्खं पत्र चार पानांचं आहे. वर फक्त त्याचं सार दिलंय. साडेतीन पानं त्या चॅनेलवाल्याने खाल्ली आणि आप्पांच्या वाट्याला आला एक कंस. मी त्या कंसालाच उत्तर देणार आहे.

त्याने तुझं नाव कापलं. वाईट केलं. पण तू आप्पांचं नाव घातलंच नव्हतंस. प्रत्येक पदाआधी तुझा आवाज, तुझं नाव, आणि ज्या माणसाने तो प्रयोग टेपवर घेतला त्याचा उल्लेख कुठेच नाही. तू रात्री जागलीस हे खरं आहे. मात्र साठ मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं, आणि संगीत नाटक चालायचं तीन-चार तास. बाजू कधी उलटायची, कोणतं पद कधी येणार, त्याच्या आधी टेप संपली तर काय, हा सगळा हिशेब अंधारात मांडीवर टेपरेकॉर्डर घेऊन बसलेल्या माणसाने केलेला असतो. बॅटरीचे सेल उतरतील ही धास्ती वेगळीच.

आप्पांनी टिपलं काय, तेही बघ. 'कट्यार' १९६७ मध्ये रंगभूमीवर आलं. लेखन पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं, आणि खाँसाहेब आफताब हुसेन यांच्या भूमिकेत वसंतराव. ते १९८३ मध्ये गेले. त्यांच्या प्रयोगाची कुठलीही टेप त्या सोळा वर्षांतलीच असणार, नवी आता होणे नाही. तबकडीवरचं पद ठरलेल्या मिनिटांत बसवलेलं असतं. प्रयोगातलं पद त्या रात्रीचं असतं. वन्समोअर मिळाल्यावर दुसऱ्यांदा घेतलेली जागा पहिल्यासारखी नसते, आणि ते ऐकायलाच तुमच्या समूहातली साडेसातशे माणसं जमली आहेत. तुमचं प्रेम आप्पांसारख्यांच्या मांडीवर उभं आहे, हे तुला कळायला हवं होतं.

म्हणून समूह सोडायचा की नाही, हा प्रश्न मी बाजूला ठेवते. येत्या शनिवारी-रविवारी अकराही कॅसेटी घेऊन सांगलीला जा. त्या आप्पांच्या हातात दे. त्यांची हरकत नसेल तर उरलेल्या आठ त्यांच्याच घरी, त्यांच्या शेजारी बसून उतरव.

हे नुसतं मन राखण्यासाठी सांगत नाही. कॅसेट उतरवण्याला घाई चालत नाही, तासाची टेप तासभरच वाजवावी लागते. आठ कॅसेटी साठ मिनिटांच्या असतील तर आठ तास, गुंडाळणं-दुरुस्ती धरून दुप्पट. म्हणजे दोन दिवस. तेवढा वेळ आप्पा ऐकत राहतील आणि बोलतील, आणि जे त्यांना ठाऊक आहे ते दुसऱ्या कुणाला ठाऊक असण्याची शक्यता कमी: प्रयोग कुठल्या नाट्यगृहातला, ऑर्गनवर कोण, तबल्याला कोण, मध्येच 'वा' कुणाचं. कॅसेटच्या चिठ्ठीवरची शाई पुसली की ही माहिती फक्त माणसात उरते. 'घेई छंद मकरंद'चंच घे. नाटकात त्या एकाच शब्दांच्या दोन चाली आहेत, एक पंडितजींची (नाटकातले दुसरे गवई), एक खाँसाहेबांची. आंतरजालावर नुसतं पदाचं नाव लावून फाइली फिरतात आणि चाल एकाची, नाव दुसऱ्याचं, असा घोळ होतो. आप्पा दोन ओळींत सांगतील.

आता माळा. तीन पावसाळे त्या डब्याने काढलेत, म्हणून आधी काहीही वाजवू नकोस. डबा खाली घे. प्रत्येक कॅसेटच्या पाठीच्या कडेला दोन कोपऱ्यांत प्लॅस्टिकच्या दोन छोट्या टिकल्या असतात, त्या मोडून टाक. मग चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी टेप पुसली जात नाही. हे सगळ्यात आधी करायचं काम आहे आणि तू त्या तीन कॅसेटींना ते केलंस का, याची मला शंका आहे.

मग उजेडात धरून खिडकीतून टेपची गुंडाळी बघ. कडेला पांढरी पूड किंवा जाळीसारखं काही दिसलं तर ती बुरशी आहे. ती कॅसेट वेगळ्या पिशवीत बंद कर आणि तुझ्या यंत्रात घालू नकोस. बुरशी यंत्रातल्या हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर बसते, तिथून पुढच्या चांगल्या कॅसेटला लागते, आणि ती पूड नाकात जाणंही बरं नाही. ती जाणकाराकडेच द्यायची.

बुरशी नसलेल्या कॅसेटी तपास. टेपच्या मागे मध्यभागी पितळी पट्टीवर नमद्याचा एक इवलासा तुकडा असतो, तो टेप हेडला दाबून धरतो. जुन्या कॅसेटींत त्याचा गोंद सुकतो आणि तुकडा गळून पडतो. आवाज दबका किंवा येत-जात असेल तर टेप खराब झाली असं समजून टाकू नकोस, आधी हा तुकडा बघ. तो गळला असेल तर पाच स्क्रूची एखादी कॅसेट उघडून तिच्या कवचात जुनी टेप जशीच्या तशी हलवता येते. अशा दोन-तीन रिकाम्या कॅसेटी बरोबर ने. जुनी कॅसेट स्क्रूची नसून चिकटवलेली असेल तर कवच सांध्यावर हळूच फोडावं लागतं. ते पहिल्यांदा आप्पांच्या टेपवर करू नकोस, घरच्या एखाद्या टाकाऊ कॅसेटवर हात बसव.

वाजवण्याआधी चाकात षट्कोनी पेन्सिल घालून दोन-चार फेरे फिरव. अडलं तर जोर लावायचा नाही. मोकळं फिरलं तर यंत्रावर एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे गुंडाळ, वर्षानुवर्षं पडून चिकटलेले वेढे सुटतात. एकशेवीस मिनिटांची कॅसेट निघाली तर हे करू नकोस. तिची टेप फार पातळ असते, ताणाने लांबते आणि गाणं कायमचं लवचिक होऊन बसतं.

यंत्र म्हणून यूएसबीची प्लॅस्टिकची स्वस्त डबी वापरू नकोस, तिच्या मोटरीने सूर हेलकावतो. एखादा जुना, नीट दुरुस्त केलेला कॅसेट डेक मिळव. हेड आणि टेप ओढणारा धातूचा दांडा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पूस, दर कॅसेटनंतर. रबरी चाकाला अल्कोहोल नको, रबर कडक होतं. त्याला ओलसर फडकं पुरे. डेकच्या लाइन-आउटमधून केबल थेट संगणकाला जोडलेल्या साउंडकार्डात घाल. स्पीकरपुढे फोन धरून केलेली फाइल मला चालणार नाही आणि वसंतरावांनाही शोभणार नाही. डॉल्बीचं (खरखर दाबणारं) बटण बंद ठेव, त्या काळच्या हातातल्या टेपरेकॉर्डरांत ते सहसा नसायचं. संगणकावर ध्वनिमुद्रणासाठी ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर पुरेसं आहे: २४ बिट, ४८ किंवा ९६ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल, आणि सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास. ९६ ला तासाला सुमारे दोन जीबी लागतात, जागा धरून चल. खरखर काढायची तर नंतर, नकलेवर. खरखरीबरोबर ऑर्गनचा श्वास आणि गळ्यातली धार जाते, आणि मूळ फाइलमधून एकदा गेलेलं परत येत नाही.

पट्टीकडे, म्हणजे सूर किती उंच लागतोय याकडे, खास लक्ष दे. कॅसेटचा वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. सेल उतरलेले असताना रेकॉर्डर हळू चालतो, आणि तीच टेप आज बरोबर वेगाने वाजवली की सूर चढतो, तान घाईची वाटते. तुझ्या फाइली मी ऐकलेल्या नाहीत, पण 'दुसरी कॅसेट जरा चिरकी वाटते' असं तू लिहिलंयस, त्यावरून मला हाच संशय आहे. ऑर्गनचा स्वर दोन पट्ट्यांच्या मध्येच कुठेतरी लागत असेल तर वेग चुकलाय असं धर. मूळ रेकॉर्डिंग विजेवर झालेलं असेल तर टेपमध्ये मेन्सची, म्हणजे विजेच्या पुरवठ्याची, घरघर असते. ती ५० हर्ट्झला हवी. ५३ ला दिसली तर टेप तेवढ्या प्रमाणात जोरात पळते आहे. तुझ्या डेकची स्वतःची घरघर जवळजवळ ५० वरच असते, तिची गल्लत करू नकोस. आणि सेलवरच्या टेपेला हा उपाय लागू पडत नाही, तिथे आप्पांचा कान. 'हे चढलंय' असं ते म्हणाले तर वाद घालू नकोस.

आप्पांचं बोलणं वेगळ्या फोनवर मुद्रित कर. फोन विमान-मोडवर टाकून डेकपासून लांब ठेव, नाहीतर त्याची गुरगुर पदात उतरेल. परतताना फाइलींच्या तीन प्रती हव्यात: एक तुझ्या डिस्कवर, एक दुसऱ्या जागी, आणि एक पेन ड्राइव्हवर आप्पांच्या घरी. कॅसेटी त्यांच्याकडेच राहू देत, माळ्यावर मात्र नको, कपाटात उभ्या, पुस्तकांसारख्या.

समूहात टाकताना प्रत्येक पदाखाली एकसारखी नोंद लिही: मूळ टेप कुणाची, प्रयोग कुठला, साथ कुणाची, उतरवली कुणी, वेग बदलला का. 'शंका' असाही एक रकाना ठेव, ठाऊक नाही ते तिथे लिहायचं. फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठव, म्हणजे जशी आहे तशीच पोचते. तुझं नाव 'उतरवली कुणी' या ओळीत येईल. ते तुझ्या कष्टाचं आहे आणि ते जरूर लिही. पदाच्या आधी आवाजात मात्र नको. वसंतरावांच्या पहिल्या सुराआधी तिथे कुणाचंच नाव असू नये.

त्या चॅनेलवाल्याबद्दल एवढंच. यूट्यूबवर कॉपीराइटची तक्रार ठोकू नकोस. ती करताना आपण हक्कदार आहोत किंवा हक्कदाराचे प्रतिनिधी आहोत असं लिहून द्यावं लागतं, आणि तू दोन्ही नाहीस. आपल्या कायद्यात पदाचे शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. अभिषेकी १९९८ मध्ये गेले, म्हणजे चालींचा हक्क २०५८ संपेपर्यंत टिकणार. टेप उतरवल्याने ती पदं तुझी होत नाहीत, आणि नाव कापल्याने त्याचीही होत नाहीत. त्याला एकच ओळ पाठव: 'ही टेप सांगलीच्या आप्पांची आहे, त्यांना विचारून त्यांचं नाव घाल, नाहीतर चॅनेलवरून काढून टाक.' पण ही ओळ तुझ्या तोंडी शोभायला आधी तुझ्या फाइलींवर ते नाव यायला हवं. म्हणून ती परत आल्यावर पाठव.

आज आप्पांना फोन कर. उद्या नको. 'तुमच्या कॅसेटी तीन वर्षं माझ्याकडे राहिल्या, आणून द्यायला येतेय' एवढंच म्हण. भांडणाचा विषय काढू नकोस, ते समूहात का नसतात हेही फोनवर विचारू नकोस. आणि शनिवारी डेक जोडलास की नव्या कॅसेटीला हात लावण्याआधी त्या उतरवलेल्या तीन त्यांना लावून दे. त्यांनी त्या ऐकल्यात की नाही, हे तुझ्या चार पानांत कुठेच नाही.