नाक्यावर पोलिसांच्या छातीवरचा कॅमेरा आपलं चित्रण करतो, मग खासगीपणाचं काय?

रस्त्यावर चित्रण करायला पोलिसांना साधारणपणे तुमची परवानगी लागत नाही. म्हणून हक्क संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवलाय.

मला कॅमेरा हवाच आहे. गणपतीत मुंबई-गोवा महामार्गावर हुज्जत झाली की खरं काय ते त्यातच दिसतं. भीती आहे ती नंतरची: चित्रण किती दिवस ठेवतात, कोण बघतं? पोलीस ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं चित्रण १८ महिने जपून ठेवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं. इथेही तशी ठरलेली मुदत हवी. आमच्या वाडीत कोण कुणाच्या गाडीत होतं हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. अशी एक क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली तर एखाद्या मुलीचं घराबाहेर पडणंच बंद होईल.

वाद झालाच, तर वेळ-ठिकाण लिहून घ्या आणि चित्रण जपून ठेवा असा लेखी अर्ज लगेच द्या.