बारमध्ये आणि गाण्याच्या ठिकाणी सिगारेटबंदी हवी का? मालवणकडचे हॉटेलवाले म्हणतात धंदा बसेल.

हवीच. आणि मुळात ती आहेच. 2 ऑक्टोबर 2008 पासून देशभर सार्वजनिक जागी धूम्रपानाला मनाई आहे, त्यात परमिट रूम आणि प्रेक्षागृहंही आली. दंड 200 रुपयांपर्यंत. तीस किंवा त्याहून जास्त आसनांच्या हॉटेलला धूम्रपानाची वेगळी बंदिस्त खोली ठेवता येते. एका कोपऱ्यात दोन टेबलं राखून ठेवली, म्हणजे ती खोली होत नाही.

मी शनिवारी तारकर्लीजवळ एका हॉटेलात पेटी वाजवतो. पावसाळ्यात समुद्राकडची ताडपत्री खाली सोडली की धूर आतच फिरतो. पेटीचा भाता तीच हवा ओढतो. घरी येऊन झाकण उघडलं तरी आतून सिगारेटचा वास येतो. माझे तिथे तीन तास. जेवण वाढणारा पोरगा सकाळी अकरापासून रात्रीपर्यंत त्यातच असतो, आणि त्याने आयुष्यात विडी ओढलेली नाही. गिऱ्हाईक बाहेर उठून जाऊ शकतं, तो जाऊ शकत नाही. माझ्यासाठी सगळा प्रश्न इथेच संपतो.

धंद्याचं म्हणाल तर आयर्लंडने 2004 मध्ये पबमध्ये बंदी आणली, इंग्लंडने 2007 मध्ये. तिथे पब आजही चालतात, लोक ओढायला दाराबाहेर जातात. आपल्याकडे तर दाराबाहेर अख्खा किनारा आहे. फक्त थोटकं वाळूत टाकू नका, मालकाने बाहेर एक डबा ठेवावा.