संवादलेखन: तुमचे प्रश्न – खलनायिका उद्धट आहे की नुसती चिडकी?

प्रश्न: मी मालिकांचे संवाद लिहायला नुकतीच सुरुवात केलीय. खलनायिका उद्धट दाखवायची म्हणून तिच्या तोंडी "मूर्ख", "अक्कल आहे का", "चालती हो" असं सगळं घातलं. कागदावर भारी वाटलं, पण शूट झाल्यावर बघितलं तर बाई नुसती चिडकी वाटते, तिची भीती म्हणून वाटत नाही. उलट 'हाऊस' या अमेरिकन मालिकेतला तो डॉक्टर वाट्टेल ते बोलतो आणि तरी लोकांना आवडतो. हे कसं काय? (सोबत सीन पाठवतेय.)

उत्तर: सीन वाचला. दीड पानात अकरा वेळा "मूर्ख" आहे, मोजले मी! आणि सेक्रेटरी मीरा त्यावर काय करते, तर "सॉरी मॅडम" म्हणून निघून जाते. संपलं. अहो पहिल्याच "मूर्ख"ला जे व्हायचं ते होऊन गेलं, पुढचे दहा म्हणजे नुसता आवाज.

उद्धटपणा शब्दात कमी असतो आणि समोरच्याचं काय गेलं त्यात जास्त. आपण "चारचौघांत नाक कापलं" म्हणतो ना, ते नाक. समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन यांनी १९५५ साली यालाच 'फेस' म्हटलं, पुढे भाषेचे अभ्यासक ब्राउन आणि लेव्हिन्सन यांनी त्याचे दोन भाग केले, एक म्हणजे लोकांनी मला आपलं मानावं आणि दुसरं म्हणजे माझ्या वाटेत कुणी येऊ नये. मग १९९६ मध्ये भाषाशास्त्रज्ञ जोनाथन कल्पेपर यांनी उलटी बाजू घेतली, की नाक राखायच्या जशा पद्धती असतात तशा कापायच्याही असतात. थेट तोंडावर बोलणं ही त्यातली फक्त एक. बाकीच्या म्हणजे समोरच्याला परकं करणं (ओळखच न दाखवणं, दुर्लक्ष करणं), त्याला तुच्छ लेखणं किंवा त्याच्या हद्दीत घुसणं, खोटा आदर दाखवून टोमणा मारणं आणि जिथे चांगला शब्द अपेक्षित आहे तिथे गप्प बसणं. तुमची खलनायिका बिचारी पहिल्याच पद्धतीवर अडकलीय.

आता हे बघा, तुमचाच सीन आहे. आदल्या एपिसोडपर्यंत ती "अगं मीरा" म्हणायची एवढं फक्त लक्षात ठेवा.

"मॅडम, सही हवी होती." (मीराने पेनचं टोपण काढून पेन पुढे धरलंय. मॅडम फोनमध्येच.)
"मॅडम..."
"आपण कोण?"
"मी... मीरा, मॅडम."
"हो का. मग उभ्या का, बसा ना. नाही नाही, माझ्या खुर्चीत बसा. सह्याही तुम्हीच करा, तुमच्याइतकं कुणाला कळतंय इथे."

एकही वाईट शब्द नाही यात. पण "अगं"वरून "आपण"वर गेली तिथेच तिने मीराला दाराबाहेर काढलं. आपल्या भाषेत ही केवढी सोय आहे, एक सर्वनाम बदललं की माणूस जवळचा नाहीतर परका, आणि लोक ती सोडून शिव्यांच्या मागे का लागतात कुणास ठाऊक! आणि कॅमेरा कुणावर हवा? मॅडमवर नाही, मीरावर, ती त्या पेनला टोपण परत लावतेय त्या हातावर. प्रेक्षक हे बोलणं चोरून ऐकतोय, त्याला किती लागलं ते बोलणाऱ्याच्या नाही तर ऐकणाऱ्याच्या तोंडावरून कळतं. तीनदा झूम आणि ढँण ढँण हा त्यावरचा उपाय नव्हे.

राहिला डॉक्टर हाऊस (मालिका २००४ ते २०१२). कल्पेपर म्हणतात की ज्याच्या हातात सत्ता आहे त्याला उद्धट व्हायची मोकळीक जास्त, कारण समोरचा उलट बोलायची शक्यता कमी. हाऊस मात्र हाताखालच्या डॉक्टरांना बोलतो तसाच हॉस्पिटल चालवणाऱ्या डॉक्टर कडी यांनाही बोलतो, म्हणजे वरच्या दिशेनेही, आणि ती माणसं त्याला उत्तरं देतात, कधी गप्पही करतात. शिवाय रोगाचं निदान बहुतेकदा तोच करतो आणि या स्वभावाची किंमतही मोजतो, एकटा पडतो. तुमची बाई फक्त खालीच बोलते आणि तिचं काहीच जात नाही. (खलनायिका आहे, चालेल तसं, पण मग निदान मीराला तरी उलटा बोलायचा चान्स द्या.)

प्रश्न: माझ्या मालिकेतले दोन मित्र सारखे एकमेकांना "गाढवा", "नालायका" म्हणतात. चॅनलवाले म्हणतात उद्धट वाटतं, कमी करा. करू का?

उत्तर: नका करू. ही थट्टा आहे, भाषाशास्त्रज्ञ जेफ्री लीच यांनी १९८३ मध्येच हे सांगून ठेवलंय की उघड खोटा उद्धटपणा म्हणजे जवळीक दाखवायची रीत. अट एकच, समोरच्याने तशीच परतफेड केली पाहिजे. पाचव्या एपिसोडला दोघांचं भांडण होणार आहे ना? तिथे पहिल्याला "काय रे गाढवा" म्हणू द्या आणि दुसऱ्याला म्हणू द्या, "बोला, काय काम आहे?"