मिनियन, मूक आणि पानिपतचा खुर्दा

प्रश्न असा आला आहे: ‘आम्ही मित्रमंडळी मराठीतून डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचं आणि गोष्टीतली साहसं-लढाया खेळायच्या. एका घावात मरणारे जे बिननावाचे गॉब्लिन (बुटके, दुष्ट राक्षस) आणि पहारेकरी असतात, त्यांना अशा खेळांत मिनियन किंवा मूक म्हणतात. मराठीत लिंबूटिंबू म्हटलं तर चालेल का? आणि त्यांना नाव का नसतं?’

लिंबूटिंबू नको. अंगणातल्या खेळात लिंबूटिंबू म्हणजे ज्याच्यावर राज्य येत नाही, पकडला तरी जो बाद होत नाही तो. बाकी सगळे बाद होऊन ओट्यावर बसले तरी हा आपला पळतोच आहे. तुमचा गॉब्लिन नेमका उलटा. तो बाद व्हायलाच आलेला असतो.

‘मूक’ही जसाच्या तसा ठेवू नका. हा अमेरिकी बोलीतला शब्द, बिनडोक माणसासाठी वापरतात. १९९६च्या ‘फेंग शुई’ या खेळाने तो नियमांत आणला. त्यात नाव असलेली पात्रं आणि नाव नसलेली पात्रं असे सरळ दोन वर्गच आहेत. नाव नसलेल्यांच्या जखमा मोजत बसायचं नाही, घाव पुरेसा जोरकस बसला की माणूस आडवा. पण देवनागरीत ‘दहा मूक धावून आले’ असं लिहिलं, तर वाचणाऱ्याला वाटेल बिचाऱ्यांना वाचा नाही. (तसे त्यांना संवाद नसतातच म्हणा.)

‘मिनियन’ची गोष्ट गमतीची आहे. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ लाडका, गोंडस. त्यावरून राजाचा लाडका, मग लाळघोट्या आणि शेवटी कुणीही ताबेदार, अशी त्याची घसरण झाली. आपल्या ‘हुजऱ्या’चंही असंच झालं. हुजुरांच्या सेवेत सतत जवळ असणारा, म्हणजे खरं तर विश्वासातला माणूस, आज मात्र हा शब्द शिवीसारखा वापरतो. इतिहास बघितला तर हे दोघे सख्खे भाऊ शोभतील. तरीही भाषांतराला हुजऱ्या नको, कारण हुजऱ्या मरत नाही. धनी बदलला की तो नव्या धन्यापुढे वाकतो.

आता नाव का नसतं ते. हे खेळ गोष्टींतून जितके आले त्याहून जास्त हिशेबातून आले. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४चा. त्याच्या आधीचा, १९७१चा ‘चेनमेल’ हा टेबलावर छोटे पुतळे मांडून लढाया खेळायचा खेळ. त्यातल्या मोठ्या लढाईत एक पुतळा म्हणजे वीस माणसं. आता विसांना मिळून एकच पुतळा, तिथे नाव कुणाकुणाला द्यायचं? त्याच खेळाच्या अद्भुतरम्य पुरवणीत ‘हीरो’ आला, तो चार माणसांच्या तोडीचा. म्हणजे नायकाची व्याख्याच मुळी ‘इतक्या सामान्यांबरोबर एक’ अशी झाली. पुढे डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या अॅडव्हान्स्ड आवृत्तीत तर अगदी दुबळ्या शत्रूंवर लढवय्याला त्याच्या पातळीइतके वार एका फेरीत करता येत. आठव्या पातळीचा असेल तर आठ वार. समोर कापायला आठ जण हवेत म्हणून ते असतात!

२००८च्या चौथ्या आवृत्तीने हा हिशेब उघडच करून टाकला. मिनियनला प्राणबिंदू, म्हणजे किती मार सोसता येतो त्याचा आकडा, एकच. खेळ चालवणाऱ्याला पंधरा गॉब्लिनांच्या जखमा वहीत उतरवत बसायला नको. हा नियम मला आवडतो. निष्ठुर आहे, पण प्रामाणिक आहे.

मग मराठी शब्द कोणता? ‘नाव नसलेला’ म्हणून शोधायला जावं तर प्रत्येक शब्द आधीच कुणीतरी अडवून ठेवलेला. निनावी असतं पत्र, बेनामी असते मालमत्ता आणि अनाम असतो हुतात्मा. गॉब्लिन यांपैकी काहीच नाही. ‘बाजारबुणगे’ चांगला शब्द आहे, पण तो आपल्याच बाजूच्या भाडोत्री हमाल-मशालजींसाठी राखून ठेवा. जुन्या नियमांत मशालजीची रोजी एक चांदीचं नाणं होती. अंधारात सगळ्यात आधी दिसणार तोच, हे लक्षात घेता फारच कमी.

माझं मत ‘खुर्दा’ला. पानिपतानंतर नानासाहेब पेशव्यांपर्यंत पोचलेलं ते सावकारी सांकेतिक पत्र आपण शाळेपासून ऐकत आलोय. शब्द थोडे इकडेतिकडे करून सांगतात, पण आशय हा: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, मोहरा म्हणजे नावाजलेले सरदार, खुर्दा म्हणजे उरलेले सगळे. खुर्दा म्हणजे तांब्याची मोड, चिल्लर. मूळ फारसी, अर्थ लहान, बारीक. वडगाव खुर्दमधला खुर्दही तोच. शिवाय एखाद्याचा ‘खुर्दा उडवणे’ म्हणजे चुराडा करणे. एकाच शब्दात क्षुल्लकपणाही आला आणि मरणही. खऱ्या माणसांच्या मरणाचा शब्द खेळात आणताना मन जरा कचरतं, हे खरं. पण याहून नेमका शब्द मला सापडलेला नाही.

व्याकरणही अगदी सोयीचं आहे. ‘एक खुर्दा’ म्हणता येत नाही, तो नेहमी ढिगानेच असतो. एकट्यादुकट्यासाठी बुद्धिबळातलं ‘प्यादं’ घ्या आणि नाव असलेल्यांना ‘मोहरे’ म्हणा. फक्त घोटाळा करू नका: ती मोहर, त्या मोहरा, हे सोन्याचं नाणं. तो मोहरा, ते मोहरे, ही पटावरची सोंगटी. पत्रातल्या मोहरा स्त्रीलिंगी आहेत.

प्यादं म्हणण्याचा आणखी एक फायदा म्हणजे ते वजीर होऊ शकतं. आमच्या खेळात एकदा एका पोरीने मरायच्या आधी गॉब्लिनला विचारलं, ‘तुझं नाव काय रे?’ खेळ मी चालवत होतो. तयारी काहीच नव्हती, तोंडात आलं ते बोलून गेलो, ‘पांडू.’ त्यानंतर त्याला मारायला कुणीच तयार होईना. गेली दोन वर्षं तो यांच्या मशाली धरतोय. माझ्या वहीत तो अजून खुर्द्याच्या रकान्यातच आहे, त्याच एका प्राणबिंदूसह, आणि दर लढाईत चार मोहरे त्याच्यापुढे ढाली धरून उभे असतात.