पशुवैद्याला विचारा : तोंडातल्या गाठी

प्रश्न : आमच्या ११ वर्षांच्या कुत्रीच्या वरच्या हिरडीवर वाटाण्याएवढी गाठ आली होती. डॉक्टरांनी ती भूल देऊन कापून टाकली. परंतु दीड महिन्यात त्याच जागी ती पुन्हा वाढली असून आता सुपारीएवढी झाली आहे आणि तिच्यातून अधूनमधून रक्त येते. दुसऱ्या डॉक्टरांच्या मते जबड्याचा काही भाग काढावा लागेल. गाठ काळी नाही, गुलाबी आहे. तरीही ती कॅन्सरची असू शकते का? आणि इतकी मोठी शस्त्रक्रिया करून मुक्या जनावराचे हाल करावेत का?

उत्तर : तुमच्या पत्रात जी माहिती मी सर्वप्रथम शोधली तीच नेमकी नाही : पहिल्यांदा काढलेल्या गाठीचे पुढे काय झाले? ती प्रयोगशाळेत गेली असती, तर आज तुम्हाला हा प्रश्न विचारावाच लागला नसता. गाठ कापून टाकून देण्याची सवय आमच्या व्यवसायात अजूनही टिकून आहे आणि मला ती कधीही समर्थनीय वाटलेली नाही.

रंगावरून निदान होत नाही. कुत्र्यांच्या तोंडातील घातक गाठींमध्ये मेलानोमा सर्वाधिक आढळतो, आणि तो रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींचा असला तरी बऱ्याच मेलानोमांत रंगाचा मागमूसही नसतो. त्याखालोखाल स्क्वॅमस सेल कार्सिनोमा (तोंडाच्या आतल्या अस्तराच्या पेशींचा कॅन्सर) आणि फायब्रोसार्कोमा (तंतुमय ऊतीचा कॅन्सर) यांचा क्रम लागतो. याउलट अ‍ॅकॅन्थोमॅटस अमेलोब्लास्टोमा नावाची गाठ शेजारचे हाड पोखरते, दात हलवते, दिसायलाही भयंकर दिसते. परंतु शरीरात अन्यत्र कधीच पसरत नाही आणि पुरेशा हाडासह काढली की बहुधा कायमची जाते. नुसत्या डोळ्यांनी या सर्वांत फरक करता येईल, असे कोणी म्हणाले तर त्यावर विश्वास ठेवू नये.

म्हणून आधी बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून त्याची प्रयोगशाळेत तपासणी, करून घ्यावी. गाठीचा पृष्ठभाग सुजलेला आणि जंतुसंसर्ग झालेला असतो, त्यामुळे वरवरचा तुकडा घेतल्यास अहवालात केवळ ‘दाह’ एवढेच येते. तुकडा खोलवरचा हवा. तो तोंडाच्या आतूनच घ्यावा, ओठाच्या किंवा गालाच्या कातडीतून नव्हे, कारण सुई वा सुरी ज्या वाटेने गेली ती वाट पुढच्या शस्त्रक्रियेत गाठीबरोबरच काढावी लागते. त्याच भुलेत जबड्याखालच्या लसीका ग्रंथींतून (लिम्फ नोड्समधून) सुईने पेशी घ्याव्यात, मग त्या हाताला मोठ्या लागोत वा न लागोत. कारण नेहमीच्या आकाराच्या ग्रंथीतही कॅन्सर पोहोचलेला असू शकतो. फुप्फुसांसाठी छातीचे एक्स-रे काढावेत. जबड्याच्या बाबतीत मात्र साध्या एक्स-रेवर विसंबू नये, कारण हाडातील खनिजांचा बराच मोठा भाग नष्ट होईपर्यंत त्यात काहीच दिसत नाही; शक्य असेल तेथे सीटी स्कॅनच करावा.

आता हालांविषयी. जबड्याचा भाग काढल्यानंतर बहुतेक कुत्री काही दिवसांत मऊ अन्न खाऊ लागतात. खालच्या जबड्याचा मोठा भाग गेल्यास जीभ एका बाजूला लोंबते, लाळ थोडी अधिक गळते. हे सारे आपल्याला खुपते, कुत्र्याला फारसे नाही. माझ्या मते खरे हाल रक्त गाळणारी, कुजणारी गाठ तोंडात तशीच ठेवण्यात आहेत. तरीही शस्त्रक्रियेतून किती आयुष्य मिळेल, हे गाठीच्या जातीवर अवलंबून असते. जबड्याच्या पुढच्या भागातला स्क्वॅमस सेल कार्सिनोमा पूर्ण निघाल्यास कुत्रे अनेकदा वर्षानुवर्षे जगते. मेलानोमा २ सेंटिमीटरपेक्षा लहान असताना आणि कोठेही पसरलेला नसताना काढल्यास साधारण दीड वर्षाची अपेक्षा ठेवता येते. तो ४ सेंटिमीटरच्या पुढे गेला किंवा ग्रंथींत उतरला, की हिशेब काही महिन्यांवर येतो, कारण तोंड बरे झाले तरी तो फुप्फुसांत उगवतो. शस्त्रक्रिया शक्य नसल्यास किरणोपचारांनी मेलानोमा आक्रसतो आणि वेदना कमी होतात. मेलानोमावरील डीएनए लसीला अमेरिकेत २००७ मध्ये सशर्त आणि २०१० मध्ये पूर्ण परवाना मिळाला, मात्र तिच्या उपयोगाबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही. गाठ काढण्याला ती पर्याय तर नव्हेच.

प्रश्न : आमच्या गोल्डन रिट्रीव्हरच्या वरच्या जबड्यावर कडक सूज आहे. बायोप्सीत ‘साधी तंतुमय ऊती’ असा निर्वाळा मिळाला, पण सूज महिन्याभरात दुप्पट झाली. अहवालावर विसंबून थांबावे का?

उत्तर : अजिबात थांबू नये. सूक्ष्मदर्शकाखाली निरुपद्रवी दिसणारा, परंतु प्रत्यक्षात अत्यंत आक्रमकपणे हाड खाणारा असा फायब्रोसार्कोमाचा एक प्रकार असतो आणि तो विशेषतः याच जातीच्या कुत्र्यांत, वरच्या जबड्यात आढळतो. अहवाल आणि समोरचे जनावर यांत विसंगती असेल, तेव्हा जनावराचे म्हणणे खरे मानावे. सीटी स्कॅन करून घ्या आणि सूज कोणत्या वेगाने वाढली, हे विकृतिशास्त्रज्ञांना (तुकडा तपासणाऱ्या पॅथॉलॉजिस्टना) लेखी कळवा. अनेकदा ही माहिती तुकड्यासोबत जातच नाही.

प्रश्न : आमच्या १३ वर्षांच्या बोक्याचा खालचा एक दात हलत होता, तो काढला. तीन आठवडे झाले तरी जखम भरलेली नाही, त्या बाजूचा जबडा जाड झाला आहे, लाळ गळते आणि त्याने अंग चाटणे सोडून दिले आहे. प्रतिजैविकांचे दोन कोर्स झाले. आणखी एक द्यावा का?

उत्तर : तिसरा कोर्स देऊ नये, या आठवड्यातच भूल देऊन तोंडाची तपासणी, जबड्याचा एक्स-रे आणि बायोप्सी करून घ्यावी. उतारवयातल्या मांजराचा एकच दात हलू लागणे आणि तो काढल्यावर खाच न भरणे, ही स्क्वॅमस सेल कार्सिनोमाची नेहमीची खूण आहे. मांजरांच्या तोंडातील बहुसंख्य घातक गाठी याच असतात. हाडाचा दीर्घकालीन संसर्ग किंवा हिरड्यांचा तीव्र दाहही असाच दिसू शकतो, म्हणून निदानाशिवाय आशा सोडू नये.

निदान तेच निघाले, तर मात्र मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. उपचार केले तरी बहुतेक मांजरे दोन-तीन महिनेच काढतात आणि वर्ष पूर्ण करणारी फारच थोडी असतात. गाठ लहान आणि खालच्या जबड्याच्या पुढच्या भागात असेल, तरच शस्त्रक्रियेचा विचार करण्याजोगा असतो. शिवाय जबडा गमावल्यावर मांजर कुत्र्याइतक्या सहजपणे खायला लागत नाही, काहींना आठवडेच्या आठवडे नळीने भरवावे लागते.

अशा वेळी वेदनाशमन हाच मुख्य उपचार ठरतो. मूत्रपिंडे ठीक असल्यास मेलॉक्सिकॅम, गरजेप्रमाणे अफूवर्गीय औषधे आणि हाडाच्या दुखण्यासाठी बिसफॉस्फोनेट यांची योजना तुमचे डॉक्टर करू शकतील. घरातली पॅरासिटामॉल चुकूनही देऊ नका : तिचे विघटन करण्याची क्षमता मांजराच्या यकृतात जवळजवळ नसते आणि एक गोळीही जीव घेऊ शकते. जबरदस्तीने तोंडात अन्न कोंबू नका, त्याने अन्नाचीच शिसारी बसते. पण दोन-तीन दिवस पूर्ण उपाशीही राहू देऊ नका, कारण यकृतात चरबी साठून दुसराच जीवघेणा आजार सुरू होतो. मानेच्या बाजूने अन्ननलिकेत बसवलेली नळी मांजरे सहसा निमूटपणे सहन करतात. बोका लपून बसू लागला, जवळ येईनासा झाला, नळीने पोट भरूनही खंगत चालला, तर दयामरणाविषयी डॉक्टरांशी बोलण्यास उशीर करू नये.

प्रश्न : वरील पत्रासारखी वेळ येऊ नये म्हणून मांजराचे तोंड घरी कसे तपासावे? आणि घरातल्या सिगारेटच्या धुराचा याच्याशी संबंध असतो का?

उत्तर : महिन्यातून एकदा, मांजर निवांत असताना, ओठ वर करून दोन्ही बाजूंच्या हिरड्या पाहाव्यात, मग तोंड उघडून, हनुवटीखाली जबड्याच्या दोन हाडांमधल्या मऊ जागी अंगठ्याने हलकेच वर दाबावे. जीभ उचलली जाते आणि तिच्या बुडाशी दडलेली गाठ दिसते. ही जागा डॉक्टरांच्या नजरेतूनही पुष्कळदा सुटते. धुराबाबत म्हणाल तर तो अंगावरच्या केसांवर बसतो आणि चाटताना तोंडात जातो, त्यामुळे संशयाला जागा आहे, परंतु पुरावा अद्याप निर्णायक नाही. सिगारेट बाहेर जाऊन ओढावी. तेवढ्यासाठी पुराव्याची वाट पाहण्याची गरज नाही.