आरेपा, केळी आणि गुळाचं पाणी

मागच्या अंकात परदेशात हॉटेलात जेवण्याबद्दल लिहिलं होतं. त्यात दक्षिण अमेरिकेतल्या व्हेनेझुएला देशाचं जेवण देणाऱ्या हॉटेलांबद्दल जेमतेम चार ओळी होत्या, पण पत्रं सगळी त्याच्यावरच आली. आता खान्देशातली पोरं न्यूयॉर्क, माद्रिदला कामाला असतात, आईबाप जाऊन येतात, मग असे प्रश्न पडणारच. काही पत्रांना इथे उत्तर देतेय.

मी रेल्वेतून रिटायर झालो, भुसावळला असतो. मुलगा न्यूयॉर्कला क्वीन्समध्ये राहतो, दिवाळीनंतर आम्ही दोघं जातोय. सूनबाई म्हणते जवळच एक व्हेनेझुएलन हॉटेल छान आहे, तुम्हाला नेऊ. आम्ही माळकरी, अंडंसुद्धा चालत नाही. तिने मेनू पाठवला तर सगळीकडे चिकन नि बीफच दिसतं. उपाशी उठायची वेळ येईल का?

नाना, अजिबात नाही, उलट अमेरिकेतल्या बऱ्याच हॉटेलांपेक्षा तुम्हाला इथे जास्त घरच्यासारखं वाटेल. फक्त आधी दोन-तीन गोष्टी विचारून घ्यायच्या.

त्यांच्या जेवणाचा पाया म्हणजे आरेपा. पांढऱ्या मक्याचं पीठ, पाणी, मीठ, बस, त्यात दुसरं काही नसतं. पीठ मळायचं, गोळा दोन्ही तळहातात थोपटून बोटभर जाड करायचा आणि बुदारे म्हणतात त्या सपाट तव्यावर टाकायचा. आपल्या भाकरीसारखंच, पण जाड आणि आकाराने लहान. मी एका लहानशा हॉटेलात काउंटरला लागून बसले होते तेव्हा आतली बाई प्रत्येक आरेपा उचलून बोटाच्या पेराने त्याच्यावर टकटक करत होती, आतून पोकळ आवाज आला की झाला, नाही आला की परत तव्यावर. मग सुरीने पोटातून अर्धा चिरायचा, भसकन वाफ येते, त्यात लोणी फिरवायचं आणि वर जे सारण सांगितलं असेल ते ठासून भरायचं. वरचा पापुद्रा कुरकुरीत आणि आतलं एकदम मऊ, ते पहिल्या पाच मिनिटांतच खायचं, गप्पा मारत बसलात तर गेलं.

तुमच्यासाठी सरळ नाव लक्षात ठेवा, आरेपा दोमिनो. यात काळे घेवडे आणि किसलेलं पांढरं चीज असतं, काळं-पांढरं म्हणून डॉमिनोच्या सोंगट्यांवरून नाव पडलं. पण काही ठिकाणी घेवडा शिजवताना त्यात डुकराच्या मांसाचा तुकडा टाकतात चवीसाठी, हे मेनूत लिहिलेलं नसतं, म्हणून मुलाला विचारायला लावाच. नुसतं 'सिन कार्ने', म्हणजे मांस नको, म्हणून भागत नाही, कारण कार्ने म्हटलं की बऱ्याच लोकांच्या डोक्यात फक्त बीफ येतं आणि मग चिकन नाहीतर हॅम आलेलं असतं. म्हणून एकेक नाव घेऊनच सांगायचं, सिन कार्ने, सिन पोयो, सिन हामोन, सिन उएवो. म्हणजे बीफ नको, चिकन नको, हॅम नको, अंडं नको. वेटर वैतागत नाहीत, तिथे हे रोजचंच आहे.

चीजबद्दलही सांगते, कारण माळकऱ्यांच्या घरात हा प्रश्न येतो. बरीच चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजलेली असतात. तुम्हाला ते चालत नसेल तर विचारा, उत्तर नीट मिळालं नाही तर चीज न घालता घेवडा आणि अवोकाडो भरून द्या म्हणा, तेही छान लागतं. सोबत ग्वासाकाका मागा, अवोकाडो, कोथिंबीर, लसूण, कांदा, व्हिनेगर अशी हिरवी पातळ चटणी असते, प्रत्येक घासाला थोडी थोडी घ्यायची. (कांदा-लसूण वर्ज्य असेल तर मात्र तिला हात लावू नका.)

दुसरी वस्तू काचापा. ताज्या मक्याचे दाणे वाटून केलेलं जाड गोडसर धिरडं, मधे केसो दे मानो नावाचं मऊ पांढरं चीज घालून अर्ध्यात दुमडलेलं. फार सुंदर लागतं. काही जण पिठात अंडं नाहीतर दूध घालतात तेवढं विचारा. आणि तेकेन्योस म्हणून चीजभोवती पिठाची पट्टी गुंडाळून तळलेल्या कांड्या असतात, राजधानी कराकासजवळच्या लोस तेकेस गावावरून नाव आलंय, पण त्या पिठात बहुतेक अंडं असतंच, तेव्हा तुम्ही सोडा. केसियो आणि त्रेस लेचेस या गोड पदार्थांतही अंडं असतं.

रेइना पेपियादा नावाचा आरेपा सगळ्यात प्रसिद्ध, चिकन, अवोकाडो आणि मेयोनीजचा. 1955 साली व्हेनेझुएलाची सुसाना दुइम मिस वर्ल्ड झाली, तिच्या मानात कराकासमधल्या आल्वारेझ भावांच्या आरेपाच्या दुकानात हा तयार झाला. तुम्ही खाणार नाही पण सूनबाईला सांगा, ती मागवेल.

दोघांत मिळून सुरुवातीला एकेक आरेपा आणि एक प्लेट केळी एवढंच घ्या. भरलेला आरेपा दिसतो लहान पण पोटात जड बसतो.

आमची रावेरला केळीची बाग आहे. त्यांच्या ताटात भाताशेजारी तळलेली केळी दिसतात, फोटो पाहून घरी करून पाहिली तर नुसता चिखल झाला. ती केळी वेगळी असतात का?

हो भाऊ, वेगळीच. त्यांचं ते प्लांटेन, त्यांच्याकडे प्लातानो म्हणतात. आपल्या बागेतलं ग्रँड नैन हे पिकल्यावर न शिजवता खायचं गोड केळं आहे, पिकलं की त्यातला स्टार्च जवळजवळ सगळा साखरेत जातो, म्हणून तेलात टाकलं की विरघळतं आणि लगेच करपतं. प्लांटेनमध्ये पिकल्यावरही बराच स्टार्च राहतो, त्याने काप धरून राहतो. केरळातलं नेंद्रन आपल्याकडे त्या जातीला सगळ्यात जवळचं, मोठ्या शहरात दक्षिणेकडच्या दुकानात मिळतं, त्याने करून बघा.

तिथे हॉटेलात दोन प्रकार येतात. साल पार काळी पडेपर्यंत पिकवून तिरके लांब काप करून तळतात ते ताहादास, गोड. आणि हिरवं कच्चं केळं तळून, चेपून, परत तळतात ते तोस्तोनेस, खारे. व्हेनेझुएलातल्या मराकाइबो शहराकडे तर चेपून तळलेल्या कच्च्या केळ्याचे दोन पसरट तुकडे ब्रेडच्या जागी वापरतात आणि मधे मांस, चीज, सॉस, त्याला पाताकोन म्हणतात, एकट्याने संपवणं अवघड. तोस्तोनेससाठी मात्र आपलं हिरवं कच्चं ग्रँड नैन चालून जातं, ज्यातून वेफर्स करता तेच. दोनदा तळायचं, पहिल्यांदा मंद आचेवर आणि चेपल्यावर कडक तेलात.

ते ताट तुम्ही पाहिलं असेल ते पाबेलोन क्रियोयो, भात, काळे घेवडे, रेषारेषा काढलेलं बीफ आणि ताहादास. व्हेनेझुएलाचं राष्ट्रीय जेवण मानतात. बरीच हॉटेलं मांस काढून जास्त घेवडा आणि चीज घालून देतात, मागायला लाजू नका. आणि केळं शेवटी गोड म्हणून ठेवू नका, घेवडा-भातासोबतच एका घासात घ्या, त्या ताटाची सगळी गंमत तिथेच आहे, खारट आणि गोड एकत्र आलं पाहिजे.

मी धुळ्याची, माद्रिदला नोकरी करते. ऑफिसात दोन व्हेनेझुएलन मुली आहेत आणि एक कोलंबियन. सगळ्या मिळून मला जेवायला नेणारेत. कुठल्या गोष्टी बोलू नयेत, काय मागवावं, पैसे कोण देतं?

ताई, पहिलं म्हणजे आरेपा कोणाचा हा विषय टेबलावर काढलास तर रात्र तिथेच जाईल. कोलंबियाचा आरेपा बहुधा पातळ असतो, वर काहीतरी घालून नाहीतर जेवणासोबत नुसता खातात, व्हेनेझुएलाचा जाड आणि चिरून भरलेला. पण आरेपा हे दोन देश अस्तित्वात यायच्या कितीतरी आधीपासूनचा, तिथले मूळ रहिवासी मका दळून-थापून करायचे. दोन्हीही मागव, दोन्हींचं कौतुक कर.

दुसरं थोडं जपून. गेल्या दहाएक वर्षांत 70 लाखांहून जास्त लोक व्हेनेझुएला सोडून बाहेर पडलेत, सगळ्यात जास्त शेजारच्या कोलंबियात आणि त्यापलीकडच्या पेरूत गेले, पण स्पेनमध्येही खूप आहेत आणि माद्रिदमध्ये गल्लोगल्ली जी आरेपाची हॉटेलं दिसतात त्यातली कितीतरी अशाच लोकांनी टाकलेली. तिकडे इंजिनिअर नाहीतर शिक्षक असलेला माणूस इथे तव्यापुढे उभा असू शकतो. तेव्हा 'तुमच्या देशात असं का झालं' हे पहिल्या भेटीत विचारू नकोस. त्या आपणहून बोलल्या तर ऐक, आणि बोलतात, आईच्या हातच्या जेवणावरून सुरू झालं की सगळं निघतं. मला तर वाटतं अशा हॉटेलात 'तुमच्या घरी हे कसं करायचे' हा सगळ्यात चांगला प्रश्न, त्याने मालक स्वतः येऊन बसतो.

मागवायचं झालं तर तेकेन्योस सगळ्यांत मिळून, मग प्रत्येकीने वेगळा आरेपा घेऊन अर्धा अर्धा. नॉनव्हेज खात असशील तर पेलुआ घे, बीफ नि पिवळं चीज, किंवा बीफ नको असेल तर कातिरा, त्यात चिकन नि पिवळं चीज. हाताने खायचं, सुरी-काट्याने आरेपा खाणारा लगेच नवखा दिसतो. बिल स्पेनमध्ये करासकट असतं, टिप म्हणून थोडी नाणी ठेवली तरी चालतं, आणि पैसे मित्रमंडळीत बहुतेक वाटून घेतात, पण पहिल्यांदा त्यांनी बोलावलंय म्हणून त्या देऊ देणार नाहीत, तू पुढच्या वेळी ने. वरच्या नानांना मात्र सांगायला हवं, न्यूयॉर्कमध्ये मेनूवरच्या किमतीवर 8.875 टक्के कर वेगळा लागतो आणि 18 ते 20 टक्के टिप द्यायची पद्धत आहे, तेव्हा वीस डॉलरचा पदार्थ पंचवीसच्या वर जातो. टिप टाळू नका, तिथे वेटरचं पोट त्याच्यावर चालतं.

आमच्याकडे नंदुरबारला मक्याची भाकरी रोजचीच. मग तेच पीठ घेऊन आरेपा करता येईल ना? की ते पॅकेटचं पीठच लागतं?

वहिनी, आपल्या गिरणीच्या पिठाचा आरेपा होत नाही, तो चिरताना भुगा होतो. त्यांचं पीठ आधीच शिजवलेलं असतं. मक्याची साल आणि कोंब काढून, दाणे शिजवून, दाबून, वाळवून मग दळतात, त्यामुळे नुसत्या कोमट पाण्यात चिकटपणा येतो. लुइस काबायेरो मेहियास या इंजिनिअरने 1954 साली असल्या पिठाचं पेटंट घेतलं आणि 1960 मध्ये पोलार कंपनीने हारिना पान या नावाने पिवळं पॅकेट बाजारात आणलं. त्याच्या आधी बायका पहाटे उठून लाकडी उखळात मका कांडायच्या, मग शिजवायचा, मग वाटायचा, एका न्याहारीसाठी एवढं. त्या पॅकेटने घरातलं ते कांडण गेलं, म्हणून तिथल्या माणसाच्या मनात त्या पिठाची जागा फार मोठी आहे. परदेशात गेलेले लोकही दुकानात आधी तेच पॅकेट शोधतात.

पॅकेट मागवलंच तर दोन वाट्या पिठाला साधारण अडीच वाट्या कोमट पाणी, मीठ आधी पाण्यात विरघळवायचं, पाच मिनिटं झाकून ठेवायचं, कडा तडकल्या तर ओला हात लावायचा. मासा हारिना नावाचं मेक्सिकन पीठ घेऊ नका, ते चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचं असतं, चव वेगळीच येते. आणि पॅकेट नाही मिळालं तर जुन्या पद्धतीने करा, साल काढलेला पांढरा मका रात्रभर भिजवून मऊ शिजवायचा, पूर्ण निथळून, पाणी न घालता वाटायचा आणि मळायचा. मेहनत आहे, पण मला तर तोच जास्त आवडतो, मक्याचा वास घरभर सुटतो.

चाळीसगावहून लिहितोय. ऐकलं की ते जेवण अजिबात तिखट नसतं. आम्हाला काळ्या मसाल्याशिवाय घास उतरत नाही. आणि प्यायला काय घ्यावं?

तिखट नसतंच. त्यांची आही दुल्से ही मिरची दिसते झणझणीत पण असते नुसती वासाची, तिखटपणा जवळजवळ नाही. टेबलावर पिकांते म्हणून तिखट सॉस मागितला तर देतात. पण जिभाऊ, निदान पहिला आरेपा तरी तसाच खा. मका, चीज आणि घेवड्याची चव मसाल्याखाली गेली तर तिथे जाऊन उपयोग काय.

प्यायला पापेलोन कोन लिमोन. उसाच्या गुळाचं थंडगार पाणी आणि लिंबू, बर्फ घालून. उन्हाळ्यात जळगावात बसून प्यावं असंच आहे, आणि घरी आजच करता येईल. चिचा म्हणून तांदळाचं दाट गोड पेय असतं, वर दालचिनी, व्हेनेझुएलातलं हे बहुधा बिनदारूचं असतं, पण पेरूच्या हॉटेलात त्याच नावाखाली आंबवलेलं मक्याचं पेय येऊ शकतं, विचारून घ्या.

सावद्याच्या एक आजी विचारतात, तिकडे केळीच्या पानात बांधून काही करतात म्हणे, ते कधी मिळतं?

आजी, त्याला हायाका म्हणतात. मक्याचं पीठ ओनोतो नावाच्या बियांनी केशरी करतात, आत बीफ, डुक्कर, कोंबडीचा रस्सा, वर ऑलिव्ह, बेदाणे, केपर्स, मग प्लांटेनच्या पानात गुंडाळून दोऱ्याने चौकोनी बांधून पाण्यात उकळतात. नाताळाला अख्खं घर बसून करतं, एक पानं पुसतो, एक पीठ पसरवतो, एक सारण भरतो, एक दोरा बांधतो. तुमच्या घरी चालणारं नाही, पण नातू तिथे असेल आणि खात असेल तर त्याला सांगा, हायाका बहुतेक हॉटेलांत डिसेंबरमध्येच असतात, नगावर विकतात आणि लवकर संपतात, तेव्हा डिसेंबर उजाडला की फोन करून ऑर्डर लिहून ठेवायला सांगायची.