आधी शिस्त की आधी जागा?

प्रश्न: द्राक्षबागांच्या छाटणीसाठी पेठ-सुरगाण्याकडून आलेली काही कुटुंबं आमच्या उपासनेला येऊ लागली आहेत. मंडळीतले वडीलधारे म्हणतात, आधी त्यांना शिस्त शिकवू, मग पुढे बसवू. मला ते पटत नाही. काय करावं?
– एक भगिनी, नाशिक

उत्तर: ताई, आधी पुढे बसवा. मत्तयाच्या 11व्या अध्यायात येशू थकल्याभागल्यांना जवळ बोलावतो, तेव्हा अट घालत नाही. 23व्या अध्यायात मात्र, लोकांच्या खांद्यांवर जड ओझी लादून स्वतः बोटही न लावणाऱ्यांना तो कडक शब्दांत सुनावतो. तुमच्या वडीलधाऱ्यांना तो भाग प्रेमानं वाचून दाखवा.

नाशिकमधलं आपलं शरणपूर आठवा. 19व्या शतकात गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकी मुलं तिथल्या मिशनमध्ये वाढली, हातकाम शिकली. नाशिकला शिकलेला जेकब वेनराइट हा आफ्रिकेत फिरलेला मिशनरी आणि संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन याचा मृतदेह आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत होता. 1874 मध्ये लंडनच्या अंत्यविधीत त्याला शवपेटीजवळ मानाची जागा मिळाली. नाशिकच्या ख्रिस्ती माणसाला याचा अभिमान वाटायलाच हवा!

पण नुसतं बसवून भागणार नाही. मी अनेक वर्षं परिचारिका होते. मजूर बाया ताप अंगावर काढतात, कारण खाडा परवडत नाही. त्यांचं खरं ओझं बहुतेकदा मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ घेतलेले पैसे, असते. तुमच्यातल्या एखाद्या हिशेबनिसानं त्यांच्यासोबत बसून त्या उचलीच्या हिशेबाची वही वाचावी. लेकरांसाठी एक खोली उघडी ठेवा. आणि संध्याकाळचीही एक उपासना घ्या, छाटणीच्या दिवसांत रविवारची सुट्टी मिळेलच असं नसतं.